न्याय आणि मानवी उत्कर्ष यांच्या अंगाने अर्थशास्त्र शिकताना : नवख्यांसाठी मार्गदर्शक

एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी मी 'विषमता' हा विषय घेतला होता. वर्षभर आकडे जमवले, आलेख काढले, तक्ते जोडले आणि तोंडी परीक्षेला बसलो. परीक्षकांनी पहिलाच प्रश्न विचारला : "विषमता कशातली?" मी "उत्पन्नातली" असे सांगितले. त्यावर त्यांनी शांतपणे विचारले, "उत्पन्नातलीच का? आयुर्मानातली का नाही? स्वतःचा दिवस स्वतः ठरवण्याच्या मुभेतली का नाही?" खरे उत्तर एवढेच होते की उत्पन्नाचे आकडे सहज मिळत होते. ते मी उच्चारले नाही, पण त्यांच्या लक्षात आले असावे. लघुप्रबंध मंजूर झाला, मात्र त्या प्रश्नाने मला पुन्हा पहिल्या बाकावर आणून बसवले आणि पुढची काही वर्षे मी हा विषय जवळजवळ नव्याने शिकलो.

त्या शिकण्यात वेळ वाया घालवणारी वळणे बरीच होती. न्यायाचा विचार म्हणजे खऱ्या अर्थशास्त्राला शेवटी जोडायचे परिशिष्ट, ही त्यांतली सर्वांत मोठी चूक. काय मोजायचे, कोणाचे मोजायचे आणि एकाचा तोटा दुसऱ्याच्या फायद्यातून वजा करायचा की नाही हे ठरवतानाच न्यायाचा निर्णय घेतला गेलेला असतो. बहुतेकदा तो तळटीपेतसुद्धा सांगितलेला नसतो. तो शोधून काढणे आणि वेगळा निर्णय घेतला असता तर उत्तर किती बदलले असते हे करून पाहणे, एवढेच कौशल्य मुळात शिकायचे आहे. खालच्या पायऱ्या त्या दृष्टीने लावल्या आहेत. नोकरी किंवा दुसरा अभ्यास सांभाळून आठवड्याला आठ-दहा तास दिले तर त्या पार करायला साधारण वर्ष लागते.

सुरुवातीला जवळ काय असावे

गणित फार लागत नाही, पण लागते ते पक्के हवे : सरासरी आणि मध्यक यांतला फरक, टक्केवारी, लॉगॅरिदम, साधे विकलन आणि संभाव्यतेची तोंडओळख. संगणकावर स्प्रेडशीट चालवता आली पाहिजे. पुढे 'आर' ही मोफत संगणकभाषा शिकलात तर कुटुंब-सर्वेक्षणांची मोठी आकडेवारी हाताळता येईल. पाठ्यपुस्तक विकत घेण्याआधी 'कोअर इकॉन' या प्रकल्पाचे मोफत ऑनलाइन पाठ्यपुस्तक पाहा, कारण त्यात विषमता आणि सत्ता हे विषय पहिल्या प्रकरणांपासून येतात. तत्त्वज्ञानासाठी स्टॅनफर्डचा ऑनलाइन तत्त्वज्ञानकोश मोफत आहे आणि त्यातल्या नोंदी त्या त्या विषयातल्या अभ्यासकांनी लिहिलेल्या असतात. आणखी एक चौकटीची वही ठेवा. ती कशासाठी हे सहाव्या पायरीत कळेल.

१. आधी नेहमीचे अर्थशास्त्र शिका, तेही मनापासून

या विषयाकडे येणारे बरेच जण प्रचलित अर्थशास्त्रावर चिडून आलेले असतात. मीही तसाच आलो होतो, आणि त्या चिडीपायी मागणी-पुरवठा, सीमांत उपयोगिता, संधी-खर्च, बाह्यता, कर कोणावर लावला जातो आणि त्याचा भार शेवटी कोणावर पडतो, हे सगळे वरवर चाळून पुढे गेलो. त्याची किंमत लवकरच मोजावी लागली. घरभाड्यावर कमाल मर्यादा घातली की गरीब भाडेकरूंना न्याय मिळतो, असे मी एका निबंधात लिहिले. ज्यांना अजून घर मिळालेलेच नाही अशा गरिबांचे काय होते, हा प्रश्न माझ्या मनाला शिवलासुद्धा नाही. सूक्ष्म अर्थशास्त्र नीट शिकलेला कोणीही तो पहिल्या पाच मिनिटांत विचारतो. एखादे धोरण न्याय्य आहे का, हे ठरवण्यासाठी त्याने कोणाचे काय होणार हे आधी कळावे लागते, आणि ते कळण्याची हत्यारे याच कंटाळवाण्या वाटणाऱ्या प्रकरणांत असतात. सूक्ष्म अर्थशास्त्राचा एक आणि संख्याशास्त्राचा एक असे दोन प्राथमिक अभ्यासक्रम पुरे करूनच पुढे जा.

२. हा विषय नीतिशास्त्रापासून तुटला कसा, ते समजून घ्या

इतिहासाला दोन-तीन आठवडे पुरतात, पण तो टाळू नका. संपत्ती हे आपण शोधत असलेले श्रेय नव्हे, ती दुसऱ्या कशासाठी तरी उपयोगी असते, हे अॅरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरील ग्रंथात सांगून ठेवले आहे. अॅडम स्मिथ ग्लासगो विद्यापीठात नैतिक तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. नैतिक भावनांवरचा त्यांचा ग्रंथ १७५९ साली आला आणि राष्ट्रांच्या संपत्तीवरचा १७७६ साली. या दुसऱ्या ग्रंथात लिननच्या सदऱ्याचे एक उदाहरण आहे, ते मुळातून वाचा. प्राचीन ग्रीक आणि रोमन लोक लिननवाचून सुखाने जगले, तेव्हा काटेकोरपणे पाहता सदरा ही जीवनावश्यक वस्तू नव्हे. पण स्मिथ यांच्या काळातल्या युरोपात प्रतिष्ठित मजुराला त्यावाचून चारचौघांत जायची लाज वाटली असती, म्हणून तो आवश्यक वस्तूंमध्ये धरला पाहिजे, असे ते म्हणतात. दारिद्र्याचा संबंध पोटाइतकाच मान वर करून वावरण्याशी आहे, हा विचार त्या एका परिच्छेदात येऊन गेला आहे.

तुटण्याची गोष्ट त्यानंतरची. इंग्रज तत्त्वज्ञ जेरेमी बेंथम यांनी १७८९ मध्ये सुख-दुःखाच्या बेरजेवर कायदे पारखण्याची पद्धत मांडली. तोच धागा पुढे नेत अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी १९२० च्या ग्रंथात असे म्हटले की राष्ट्रीय उत्पन्न घटणार नसेल, तर श्रीमंताकडून गरिबाकडे गेलेल्या उत्पन्नामुळे एकूण कल्याण वाढते. १९३२ साली लायोनेल रॉबिन्स यांनी त्यावर आक्षेप घेतला : एका माणसाचे समाधान दुसऱ्याच्या समाधानाशी ताडून पाहण्याची शास्त्रीय कसोटी नाही, तेव्हा अशी तुलना हा मूल्यनिर्णय आहे आणि तो शास्त्राच्या नावाने खपवू नये. आक्षेपात तथ्य होते. परिणाम मात्र असा झाला की कोणाला अधिक गरज आहे, हा प्रश्नच अनेकांनी शास्त्राबाहेर काढला. पुढे केनेथ अॅरो यांनी १९५१ मध्ये दाखवून दिले की केवळ व्यक्तींचे पसंतीक्रम हाती असतील, तर काही साध्या आणि वाजवी अटी पाळून त्यांतून समाजाचा सुसंगत पसंतीक्रम काढण्याची बिनहुकूमशाही रीत सापडत नाही. अमर्त्य सेन यांचे सामाजिक निवडीवरचे काम इथून सुरू होते : माणसामाणसांतली थोडी जरी तुलना मान्य केली तरी वाट मोकळी होते. एवढी साखळी डोक्यात बसली की पुढची निम्मी पुस्तके सोपी जातात.

३. 'कार्यक्षम' हा शब्द दिसला की थांबा

ज्या स्थितीत कोणाचेही नुकसान केल्याशिवाय दुसऱ्या कोणाचा फायदा करता येत नाही, तिला पॅरेटो-कार्यक्षम म्हणतात. एका माणसाकडे सगळे धान्य आहे आणि बाकीचे उपाशी आहेत, ही स्थितीही या व्याख्येत बसते, कारण त्यातला दाणा हलवला की त्या एकाचे नुकसान होते. व्याख्येत चूक नाही. ती वाटणीबद्दल काही बोलतच नाही, एवढेच. नवखा वाचक मात्र 'कार्यक्षम' वाचून मनात 'चांगले' असे भाषांतर करून घेतो.

धोरणांच्या बाबतीत कोणाचेच नुकसान होत नाही असे सहसा घडत नाही, म्हणून १९३९ मध्ये कॅल्डॉर आणि हिक्स यांनी दुसरी कसोटी मांडली : ज्यांचा फायदा झाला ते तोटा झालेल्यांची भरपाई करूनही फायद्यात राहू शकत असतील, तर बदल स्वीकारार्ह. 'राहू शकत असतील' हे शब्द नीट पाहा. भरपाई प्रत्यक्षात दिली पाहिजे असे ही कसोटी म्हणत नाही. खर्च-लाभ विश्लेषणाचा, म्हणजे योजनेचे फायदे-तोटे पैशात मोजून ताडण्याच्या रीतीचा, पाया हाच आहे, आणि तो हाताने तपासून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

माझे नेहमीचे उदाहरण देतो. निधी एकच आहे आणि त्यातून पूल किंवा दवाखाना यांपैकी एकच गोष्ट होऊ शकते. पुलामुळे १०,००० लोकांचा रोजचा थोडा वेळ वाचेल. त्यांचे वार्षिक उत्पन्न प्रत्येकी २०,००० एकक आहे आणि ते पुलासाठी वर्षाला प्रत्येकी २० एकक द्यायला तयार आहेत. एकूण झाले २,००,०००. दवाखाना जुनाट आजार असलेल्या २०० लोकांसाठी आहे. त्यांचे वार्षिक उत्पन्न प्रत्येकी १,००० एकक आणि ते त्यातले ३०० द्यायला तयार आहेत. एकूण झाले ६०,०००. सरळ बेरजेने पूल तिपटीहून अधिक वरचढ ठरतो.

आता प्रत्येकाने देऊ केलेली रक्कम त्याच्या उत्पन्नाच्या प्रमाणात मोजा. पुलाचे लोक उत्पन्नाचा हजारावा भाग देत आहेत. १०,००० माणसांची बेरीज १० होते. दवाखान्याचे लोक उत्पन्नाचे तीन दशांश देत आहेत. २०० माणसांची बेरीज ६० होते. निकाल उलटला. लोक तेच, त्यांची इच्छा तीच. बदलले ते वजन. पहिल्या हिशेबात वजन नव्हते, असे मात्र समजू नका. तिथे प्रत्येक एककाला सारखे वजन होते, आणि त्यामुळे ज्याच्या हातात एकके अधिक त्याच्या इच्छेला किंमत अधिक आली. ब्रिटनच्या अर्थखात्याच्या 'ग्रीन बुक' या मार्गदर्शिकेत उत्पन्नानुसार असे वजन देण्याची रीत सांगितलेली आहे, तेव्हा ही केवळ वर्गातली कसरत आहे असेही नाही.

४. न्यायाचे सिद्धान्त वेगवेगळे पाठ करू नका, एकाच उदाहरणावर चालवा

मी सुरुवातीला प्रत्येक तत्त्वज्ञाची स्वतंत्र टिपणे काढली, आणि परीक्षेनंतर महिन्याभरात त्यांतले काही आठवेना. नंतर तोच पूल आणि तोच दवाखाना सगळ्यांसमोर ठेवला, तेव्हा ते लक्षात राहू लागले.

उपयोगितावादी माणूस वजन लावलेल्या बेरजेपाशी थांबेल : ज्यातून एकूण कल्याण अधिक, ते करा. जॉन रॉल्स (त्यांचा न्यायावरचा ग्रंथ १९७१ चा) बेरजेवरच आक्षेप घेतील, कारण अनेकांच्या किरकोळ सोयी एकत्र करून थोड्यांच्या मोठ्या हानीवर मात करता येते, हे त्यांना मान्य नाही. समाजाची मूळ रचना सर्वांत वाईट स्थितीतल्या गटाला अधिकात अधिक काय देते, हे ते पाहतील. रॉबर्ट नोझिक (१९७४) विचारतील की हा निधी मुळात आला कुठून, आणि ज्यांच्याकडून तो घेतला त्यांची मिळकत न्याय्य मार्गाची असेल तर ती घेण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला. नोझिक यांच्यावर वैतागून पुढे जाऊ नका. हातातल्या वाटणीचा आकृतिबंध पाहून भागत नाही, ती कशी घडली हेही पाहावे लागते, हा त्यांचा मुद्दा त्यांच्या विरोधकांनाही उपयोगी पडतो. लुटीतून आलेल्या संपत्तीबद्दल बोलताना तोच लागतो.

रॉल्स वाचताना दोन खड्डे हमखास लागतात. 'विषमता सर्वांत वंचितांच्या फायद्याची असेल तरच चालेल' हे त्यांचे तत्त्व सगळे उचलतात, पण त्यांच्या मांडणीत समान मूलभूत स्वातंत्र्ये त्याआधी येतात, संधीची वाजवी समानताही आधी येते, आणि हा क्रम मोडून पुढचे घ्यायला ते परवानगी देत नाहीत. दुसरा खड्डा 'अज्ञानाच्या पडद्या'चा. आपण समाजात कोणत्या जागी जन्मणार हे ठाऊक नसताना नियम निवडा, एवढ्यानेच रॉल्स यांचा निष्कर्ष निघतो असे नवख्यांना वाटते. अर्थशास्त्रज्ञ जॉन हर्सान्यी यांनी जवळजवळ तशाच कल्पनेतून, १९५० च्या दशकातच, सरासरी उपयोगिता वाढवावी असा निष्कर्ष काढला होता. पडदा तोच, पण त्यामागचा माणूस धोका कसा तोलतो यावर उत्तर फिरते. या दोघांची तुलना दोन पाने लिहून काढा. माझ्या मते या पायरीवरचा तोच सर्वांत फलदायी अभ्यास आहे.

५. क्षमता दृष्टिकोन सावकाश वाचा, आणि मराठी शब्दांपासून सावध राहा

सेन यांनी १९७९ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात एक व्याख्यान दिले, त्याचा प्रश्न होता : समानता कशाची? माझ्या परीक्षकांचा प्रश्न त्यांचा स्वतःचा नव्हता हे मला ते व्याख्यान वाचताना कळले, आणि थोडे हायसेही वाटले. सेन यांचे उत्तर थोडक्यात असे : वस्तू मोजणे अपुरे, कारण त्याच वस्तूचे प्रत्येकाच्या हातून वेगळे काही घडते, समाधान मोजणेही अपुरे, कारण माणूस वंचनेशी जुळवून घेतो आणि थोडक्यात समाधान मानायला शिकतो. म्हणून माणूस प्रत्यक्षात काय करू शकतो आणि काय होऊ शकतो, ते पाहावे.

समजा, दोन विद्यार्थ्यांना सारखीच विद्यावृत्ती मिळते आणि दोघांनाही तेच पुस्तक लागते. एकाला दिसते, दुसऱ्याला दिसत नाही. पहिला पुस्तक उघडतो आणि वाचतो. दुसऱ्याला ध्वनिरूपात वाचून दाखवणारी प्रणाली हवी, तिला उलगडेल असे पुस्तकाचे डिजिटल रूप हवे, ते द्यायला प्रकाशक तयार हवा. एवढे जुळले तर त्याच पैशातून तोच अभ्यास होतो, नाही तर विद्यावृत्ती खिशात राहते आणि परीक्षा निघून जाते. उत्पन्नाच्या तक्त्यात मात्र हे दोघे एकाच ओळीत बसतात. पैशाचे प्रत्यक्ष जगण्यात रूपांतर होताना मध्ये येणाऱ्या या गोष्टींना रूपांतर-घटक म्हणतात. काही शरीराशी, काही समाजाच्या रूढींशी, काही परिसराशी निगडित असतात, आणि बराचसा अन्याय त्यांच्यात दडून बसलेला असतो.

मराठीत वाचणाऱ्यांना इथे एक खास अडचण येते. 'क्षमता' म्हटले की आपल्या मनात कुवत, कौशल्य, अंगचा गुण असे काही येते, आणि मग हा सिद्धान्त म्हणजे कौशल्यविकासाचा कार्यक्रम असल्यासारखा वाटू लागतो. इथे अभिप्रेत आहे ती खरीखुरी, हाताशी असलेली संधी. उपवास करणारा आणि उपाशी राहिलेला, दोघांच्याही पोटात अन्न नाही. पहिल्याला खाण्याची क्षमता आहे, दुसऱ्याला नाही. 'कल्याण' या शब्दानेही तसाच गोंधळ होतो, कारण तो ऐकताच सरकारी योजना डोळ्यांपुढे येतात. 'भरभराट' म्हटले तर धंद्याची आठवण होते, म्हणून मी 'उत्कर्ष' वापरतो. तोही पुरेसा नाही. वहीच्या शेवटच्या पानावर असे शब्द आणि त्यांचा या शास्त्रातला अर्थ लिहून ठेवा.

मार्था नुसबॉम यांनी माणसाला साजेशा जगण्यासाठी आवश्यक अशा दहा मध्यवर्ती क्षमतांची यादी दिली आहे. त्यात दीर्घायुष्य आणि आरोग्य आहे, तसेच खेळणे आणि भावना हेही आहे. सेन ठरीव यादी देत नाहीत. काय महत्त्वाचे हे लोकांनी सार्वजनिक चर्चेतून ठरवावे, असे त्यांचे म्हणणे. नवख्याला यादी सोयीची वाटते. पण यादी कोणी केली, हा प्रश्न तुम्हाला लवकरच छळू लागेल, आणि यादीच नसेल तर मोजायचे काय, हाही.

६. हाताने मोजा

इथे चौकटीची वही काढा. पाच माणसांची उत्पन्ने लिहा : १०, २०, ३०, ४०, १००. एकूण २००, सरासरी ४०. यातून दहा जोड्या होतात. प्रत्येक जोडीतला फरक काढून बेरीज केलीत तर ४०० येईल. तिला माणसांची संख्या गुणिले एकूण उत्पन्न, म्हणजे ५ × २०० = १,००० ने भागा. आलेले ०.४ म्हणजे गिनी गुणांक, विषमतेचे प्रचलित माप (० म्हणजे पूर्ण समानता); कोर्राडो गिनी यांच्या १९१२ च्या कामावरून हे नाव पडले.

आता दोन वेगळे बदल करा. पहिल्यात चौथ्याकडून ५ घेऊन तिसऱ्याला द्या : १०, २०, ३५, ३५, १००. दुसऱ्यात दुसऱ्याकडून ५ घेऊन पहिल्याला द्या : १५, १५, ३०, ४०, १००. दोन्हींचा गिनी काढा. दोन्ही वेळा ०.३९ येतो. सर्वांत गरीब माणसाचे उत्पन्न दीडपट झाले काय आणि मधल्यांनी आपसांत थोडे वाटून घेतले काय, या मापाला इथे दोन्ही सारखेच, कारण ते उत्पन्नातले अंतर बघताना माणसाच्या क्रमांकाला वजन देते, गरजेला नाही.

अँथनी अॅटकिन्सन यांनी १९७० च्या निबंधात नेमका हाच निर्णय उघड्यावर आणला : विषमता तुम्हाला किती खटकते ते आधी सांगा, मग मोजू. त्यांच्या निर्देशांकात विषमता-विरोधाची तीव्रता १ धरली, तर गणित सोपे आहे. पाचही आकड्यांचा गुणाकार करून पाचवे मूळ काढा, त्याला सरासरीने भागा आणि आलेली संख्या १ मधून वजा करा. मूळ स्थितीत ०.२५२ येतात, पहिल्या बदलानंतर ०.२४९ आणि दुसऱ्या बदलानंतर ०.२३४. आता फरक दिसू लागला. कोणते माप 'बरोबर' असे विचारू नका. कोणत्या मापात कोणता न्याय गृहीत धरला आहे, ते त्याच्या शेजारी लिहा.

मानवी विकास निर्देशांकाचेही असेच करा. महबूब उल हक यांच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने १९९० मध्ये पहिला मानवी विकास अहवाल काढला, त्यात हा निर्देशांक आला. आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न हे त्याचे तीन घटक. २०१० पर्यंत तिन्हींची साधी सरासरी घेत असत. घटकांचे गुण ०.९, ०.९ आणि ०.३ असतील तर साधी सरासरी ०.७ येते. २०१० पासून गुणोत्तरी सरासरी, म्हणजे तिन्हींच्या गुणाकाराचे घनमूळ, घेतात. ती सुमारे ०.६२ येते, कारण एका बाबतीतली उणीव दुसऱ्या बाबतीतल्या सुबत्तेने पूर्ण भरून निघू नये, असा निर्णय घेतला गेला. हा बदल झाल्यावर अर्थशास्त्रज्ञ मार्टिन रॅव्हेलियन यांनी टीका केली की नव्या सूत्रात गरीब देशांतल्या आयुष्याच्या एका वाढीव वर्षाला श्रीमंत देशांतल्या वर्षापेक्षा फार कमी मोल मिळते. सूत्र सुधारताना दुसरीकडे नवा मूल्यनिर्णय कसा शिरतो, ते यापेक्षा स्वच्छ दाखवणारे उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्यांविषयी एवढेच सांगतो की देशाच्या कल्याणाचा अंदाज त्यावरून फारसा बांधता येत नाही, हा इशारा ते मोजण्याची घडी बसवणाऱ्या सायमन कुझनेट्स यांनीच १९३४ मध्ये अमेरिकी सिनेटला दिलेल्या अहवालात दिला होता.

७. एक घटना तळापर्यंत खणा

सिद्धान्त आणि मोजमाप झाले की एकच प्रत्यक्ष घटना निवडा आणि तिच्यावर दोन महिने काढा. मी १९४३ चा बंगालचा दुष्काळ निवडला. सेन यांनी १९८१ च्या अभ्यासात दाखवले की त्या वर्षीचा धान्यपुरवठा आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा सुमारे ५ टक्केच कमी होता आणि १९४१ पेक्षा तर १३ टक्के अधिक होता. १९४१ मध्ये दुष्काळ पडला नव्हता. मग माणसे मेली कशाने? युद्धकाळातल्या खर्चाने किमती भडकल्या, तांदूळ महाग होत गेला, आणि भूमिहीन मजुरांची मजुरी किंवा मासेमारांच्या मालाची किंमत त्या वेगाने वाढली नाही. धान्य होते, ते मिळवण्याची त्यांची हक्कदारी कोसळली. प्रश्न 'धान्य किती' यावरून 'धान्य कोणाच्या हाती कोणत्या मार्गाने पोहोचते' यावर आला की सगळा तपासच बदलतो.

पण इथे थांबू नका. पीटर बोब्रिक यांनी १९८६ मध्ये सेन यांच्या आकडेवारीवर आणि निष्कर्षांवर कडक आक्षेप घेतले आणि सेन यांनी त्यांना उत्तर दिले. दोन्ही बाजू वाचा. आपल्याला पटलेल्या मांडणीवरचा सर्वांत जोरदार हल्ला वाचला नसेल तर तो विषय आपल्याला येत नाही, असे मी आता धरून चालतो. या क्षेत्रात ही खबरदारी जास्तच लागते, कारण निष्कर्ष मनाला पटणारा असला की पुरावा तपासण्याचा उत्साह आपोआप ओसरतो.

८. पुढे शिकायचे असेल तर

या विषयाचे अभ्यासक एकाच विभागात सापडत नाहीत. काही अर्थशास्त्रात असतात, काही तत्त्वज्ञानात, काही विकास-अभ्यास किंवा सार्वजनिक धोरण या विभागांत. म्हणून विभागाच्या नावावरून ठरवू नका. तिथल्या अध्यापकांचे गेल्या पाच वर्षांतले निबंध वाचून ठरवा. 'इकॉनॉमिक्स अँड फिलॉसॉफी' आणि 'जर्नल ऑफ ह्यूमन डेव्हलपमेंट अँड केपेबिलिटीज' ही दोन नियतकालिके चाळली तर कोण कुठे काय करते ते लक्षात येईल.

अर्जासाठी सहसा लागणारी कागदपत्रे अशी : सर्व वर्षांची गुणपत्रके, दोन किंवा तीन शिफारसपत्रे, उद्देशपत्र, आणि दहा-पंधरा पानांचा लेखनाचा नमुना. यांच्याबरोबर तुम्ही शिकलेल्या गणित आणि संख्याशास्त्राच्या अभ्यासक्रमांचा तपशील स्वतंत्र पानावर तयार ठेवा. न्यायाविषयी लिहिणारा उमेदवार गणिताला घाबरत असावा, अशी शंका निवड समितीत असू शकते, आणि ती दूर करायला हे एक पान पुरते. शिफारसपत्र देणाऱ्यांना निदान सहा आठवडे आधी सांगा, आणि त्यांतला किमान एक जण तुमचे आकडेवारीचे काम पाहिलेला असावा.

संभाव्य मार्गदर्शकांना भेटाल तेव्हा एक प्रश्न जरूर विचारा : "माझ्या कामाचा निष्कर्ष तुमच्या मताविरुद्ध निघाला तर?" उत्तराइतकेच ते देण्यापूर्वीच्या क्षणाकडेही लक्ष द्या. एका ठिकाणी मला या प्रश्नावर "तसा निघणार नाही" असे उत्तर मिळाले. मी तिथे अर्ज केला नाही.

उद्देशपत्राबद्दल शेवटचे सांगतो. माझ्या पहिल्या मसुद्यात 'न्याय' हा शब्द अकरा वेळा आला होता आणि आकडा एकही नव्हता. एका ज्येष्ठ सहाध्यायी मैत्रिणीने तो वाचून परत दिला आणि समासात एवढेच लिहिले : "कशाचा?" पाठवलेल्या प्रतीत तो शब्द दोनदा होता, आणि पहिल्या परिच्छेदाच्या जागी पाच उत्पन्नांचा तो छोटा तक्ता होता, गिनी आणि अॅटकिन्सन शेजारी शेजारी मांडलेला.